तिसऱ्या खणातले शेवटचे पान

मी एका जुन्या टेबलाचा तिसरा खण आहे. मित्रांनो, पहिल्या खणाला मान असतो, दुसऱ्याला काम असते. तिसऱ्यासाठी मात्र माणसाला कंबर वाकवावी लागते, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसे फिरकत नाही.

माझे टेबल चांगल्या सागवानाचे. पण माझ्यापर्यंत येईतो सुताराचे लाकूड संपले. त्याने कोपऱ्यात पडलेली एक ओली फळी उचलली आणि स्वतःशीच म्हणाला, "खालचाच तर आहे, कोण बघतंय?" माझी जन्मपत्रिका ती एवढीच. हवा दमट झाली की मी फुगतो आणि अडतो. डावीकडून जरा उचलून ओढले तर मी निमूट बाहेर येतो, पण एवढी चौकशी कोण करणार? लोक हिसका देतात, नाहीतर पायाने ढोसतात.

आम्ही चर्चच्या कचेरीत आलो. एका दाराने चर्च, दुसऱ्या दाराने पाळकांचे घर, आणि मध्ये ही एका खिडकीची खोली. पाळक आले, पाळक गेले. माझ्या पोटात मेणबत्त्यांचे तुकडे, कशालाच न लागणाऱ्या चाव्या आणि चष्म्याच्या तुटक्या काड्या साठत राहिल्या.

मग हे पाळकसाहेब आले. माणूस देवासारखा. कुणीही दार वाजवले तर हातातला घास खाली ठेवून ऐकायला बसणारा. त्यांच्या पत्नीला सगळे पाळकीणबाई म्हणत. रविवारी मुलांना शिकवायची शब्बाथशाळा त्यांची, वेदीवरची फुले त्यांची, उपासनेत ऑर्गन वाजवणे त्यांचेच. त्यांचे स्वतःचे नाव मात्र त्या खोलीत मी कधी ऐकले नाही. साहेबसुद्धा "अगं" म्हणत.

एका दुपारी साहेब घरभेटींना गेले आणि बाई टेबलाशी बसल्या. त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. एका प्रकाशकाच्या कादंबरीस्पर्धेची जाहिरात होती ती, मुदत दोन वर्षांची. ख्रिस्ती वाचकांसाठी आजच्या काळातली प्रेमकथा हवी, लेखकाची पहिलीच कादंबरी हवी, आणि मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेला हवा. बाईंनी ते कात्रण तीनदा वाचले. मग उठून दाराला कडी घातली.

त्या दिवसापासून दोन ते चार ही वेळ आमची झाली. टेबलाच्या वर प्रवचन, टेबलाच्या खाली प्रेमकथा. मला उघडायची युक्ती बाईंना पहिल्याच आठवड्यात सापडली. इतक्या वर्षांत मला डावीकडून उचलणाऱ्या त्या पहिल्याच.

लिहिताना त्या पुटपुटत, म्हणून मला सगळी गोष्ट पाठ आहे. नायिका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नायक शाळेची बस चालवतो आणि गायकवृंदात खर्जात गातो. सहाव्या प्रकरणात त्याने तिचा हात हातात घेतला. बाईंनी दाराकडे पाहिले, वाक्य खोडले आणि लिहिले, त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. मग डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "प्रभो, हात धरला तर चालेल ना?" बराच वेळ गेला. वरून नकार आला नसावा, कारण त्यांनी पिशवी खोडून पुन्हा हात लिहिला.

लिहून झालेले पान त्या माझ्यात पालथे ठेवत. चुकून कुणी मला उघडलेच, तर कोरी बाजू दिसावी. नवे पान जुन्यावर पालथे, असा गठ्ठा वाढत गेला. किती भीती होती त्यांना. पाळकीणबाई प्रेमकथा लिहितात हे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांना कळले तर? आणि साहेबांना? सगळ्यांचे ऐकणाऱ्या त्या माणसाला ही एक गोष्ट सांगायला त्यांना दोन वर्षांत धीर झाला नाही. मी लाकडाचा. पण दोन वर्षे एक बाई माझ्यात कोंडून घेऊन बसली होती, हे मला कळत होते.

एकशे बारावे पान शेवटचे. बसवाला दुसऱ्या शहरात नोकरी घेतो आणि तिला लग्नाचे विचारतो. प्रयोगशाळेतली नोकरी सोडायची की नाही, हे तिने ठरवायचे असते. बाईंनी ते पान एका बैठकीत लिहिले, न पुटपुटता. तो शुक्रवार होता. कादंबरी पाठवायला दहा दिवस उरले होते.

आता या चर्चची एक पद्धत ऐका. कागद वाया घालवायचा नाही, हा साहेबांचा नियम. एका बाजूने वापरलेला कागद दुसऱ्या बाजूने रविवारची उपासनापत्रिका छापायला घ्यायचा. प्रकाशक म्हणतो एकच बाजू लिहा, साहेब म्हणतात दोन्ही बाजू वापरा. या दोन नियमांची गाठ पडायची होती, ती शनिवारी पडली.

बाई फुले आणायला गेल्या होत्या. साहेब प्रवचनात बुडाले होते. चर्चची घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे, छपाईचे यंत्र चालवणारे असे सबकुछ एकच गृहस्थ होते, त्यांना सगळे घंटाकाका म्हणत. ते आत आले.

"साहेब, पत्रिकेला कागद संपले. दुकान बंद आहे."

"टेबलात बघा की. एका बाजूनं कोरे असतील ते घ्या," साहेब मान वर न करता म्हणाले.

काकांनी मला हिसका दिला. मी अडलो. त्यांनी दोन्ही हातांनी ओढले. त्या झटक्यात सगळ्यात वरचे पान माझ्या मागच्या फळीवरून उडाले आणि टेबल व माझी पाठ यांच्यात पडले. काकांना वर दिसली ती कोरी बाजू. "बाईंनी किती नीट जपून ठेवलेत," असे म्हणत त्यांनी गठ्ठा उचलला. मला ओरडायचे होते. खणाला तोंड असते, पण ते दुसऱ्याने उघडावे लागते.

पुढचे मी ऐकलेले सांगतो. रविवारी प्रत्येकाच्या हातात पत्रिका आली. पुढे गीतांचे क्रमांक, मागे कादंबरीचे एक पान. दुसऱ्या गीताला बाईंनी पत्रिका उलटली आणि आपलेच अक्षर पाहिले. त्यांचे बोट एका सुरावर तसेच राहिले. लोकांना वाटले नवी चाल आहे, तेही तो सूर धरून उभे राहिले. प्रवचनाच्या वेळी सगळ्या माना पत्रिकेत खाली होत्या. आज मंडळी फार मन लावून ऐकत आहेत, असे वाटून साहेबांनी प्रवचन दहा मिनिटे वाढवले.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर बाजार भरला. "तुमच्याकडं चोपन्न आहे का?" "माझ्याकडं पंचावन्न आहे, पण आधी ते सत्तेचाळीस दाखवा."

सोमवारी सगळ्यांत ज्येष्ठ पंच कचेरीत आले. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पंचांनी आपले पान टेबलावर ठेवून घसा साफ केला. "पाळकीणबाई, हे तुम्हाला शोभत नाही. तुमचा तो बसवाला न प्रार्थना करता डबा उघडतो. तेवढं सुधारा." एवढे बोलून ते गेले. बाई खुर्चीत बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

बुधवारपर्यंत एकशे अकरा पाने परत आली. शेवटचे आले नाही. घंटाकाकांनी घरोघर विचारले, कचऱ्याची टोपली उलथी केली. बाईंनी मला उचकून, वाकून पाहिले. मला पुरते बाहेर काढून मागे हात घालावा, हे मात्र कुणाला सुचले नाही. मी नेहमीपेक्षा जास्त अडत होतो, तर म्हणाले, "हा अडतोच." मित्रांनो, एकदा माणसाने नाव पाडले की आपले दुखणेसुद्धा त्या नावात खपून जाते.

शेवट पुन्हा लिहायला बाई बसल्या. एक कागद फाटला, दुसरा फाटला, चौथा फाटला. आता त्या उघड लिहीत होत्या, तरी शेवट येत नव्हता. आणि तो माझ्या पाठीला चिकटलेला होता.

मुदतीला दोन दिवस राहिले. त्या दुपारी साहेब घरभेटींना गेले नाहीत. ते समोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी एकशे अकरा पाने वाचली होती.

"चूक माझी आहे. मी मान वर करून पाहिलं असतं तर हे झालं नसतं," ते म्हणाले. "शेवटी काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही."

"मग तिनं काय म्हणावं असं तुला वाटतं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "मला?"

"तुलाच विचारतोय."

बाईंनी पेन खाली ठेवले. मग बाई बोलू लागल्या, नायिकेबद्दल, आणि थोड्याच वेळात नायिकेबद्दल नव्हे. बाहेर कुणीतरी दार वाजवले. साहेब उठले नाहीत. त्यांनी बाईंना त्यांच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "बोल तू." ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. त्या खोलीतले ते माझे एकट्याचे धन आहे.

नवा शेवट त्याच दुपारी लिहून झाला. त्यात नायिका बसवाल्याला म्हणते, "आधी इंजिन बंद कर आणि माझं ऐक." परत आलेल्या पानांच्या लिहिलेल्या बाजूच्या झेरॉक्स काढल्या आणि कादंबरी वेळेत गेली. पहिला क्रमांक आला नाही, पण पुस्तक निघाले. पहिली प्रत बाईंनी सवयीने माझ्यात ठेवायला घेतली. मी अडलो. त्या हसल्या आणि पुस्तक वर, साहेबांच्या बायबलाशेजारी ठेवले. त्या दिवशी मला अडल्याचे वाईट वाटले नाही.

पुढे साहेबांची बदली झाली. नवे टेबल आले. आम्हाला अडगळीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. आता कुणाच्या मनात आले तरी मी उघडू शकत नाही. काळोखात ते पान आणि मी, दोघेच असतो. इतके दिवस पाठीला चिकटून असल्याने त्यावर काय आहे ते मला माहीत आहे. नायिका मान खाली घालून म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." ते पान वेळेवर सापडले असते, तर पुस्तक तिथेच संपले असते.

मित्रांनो, तुमच्या घरात अडणारा खण असेल तर त्याला लाथ मारू नका. त्याला डावीकडून जरा उचला, पुरता बाहेर काढा आणि मागे हात घालून पाहा. आणि घरात एखादे माणूस असे असेल, जे नेहमी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते, तर त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसा, आणि बाहेर दार वाजले तरी उठू नका.