काट्यात दोष नाही

नवऱ्याने तिच्या दंडावरचा पट्टा सोडवला, बीपीचं मशीन उलटं केलं आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. पडद्यावर एकशे बहात्तर आणि एकशे चौदा असे आकडे आले होते. ते पुन्हा वाचायची तसदीही त्याने घेतली नाही.

"असे आकडे माणसाचे नसतात," तो म्हणाला. "नळीतून हवा जात असणार."

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याशी संसार म्हटल्यावर हे आलंच. घरात कोणतीही वस्तू आकडा दाखवायला लागली की पहिला संशय त्या वस्तूवर. सहा दिवसांपूर्वी मुलगी झाली आणि नर्सने वजन दोन किलो नऊशे सांगितलं, तर हा पठ्ठ्या पोरीचं तोंड बघायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते वाकून बघून आला. तेव्हा हसून हसून तिचे टाके दुखले होते. आज तिला हसू आलं नाही.

मशीन सासूबाईंचं. त्यांना बीपीची गोळी चालू होती आणि रोज सकाळी त्या न चुकता पट्टा बांधून बसत. आज सुनेचा चेहरा सुजलेला दिसला म्हणून त्यांनीच तो तिला बांधला. आकडे बघून त्यांनी घाबरून मुलाला हाक मारली होती, पण तो मशीनला नावं ठेवतोय म्हटल्यावर जिवात जीव आला. जुनंच झालंय ते, त्या म्हणाल्या. शिवाय बीपीची भीती पोर पोटात असेपर्यंत; एकदा मोकळं झालं की सुटलो.

ती उशीला टेकून बसून राहिली. डोकं दुखतंय हे तिने बुधवारी सासूबाईंना सांगितलं होतं. बाळंतिणीला झोप कुठली, असं उत्तर मिळालं. गुरुवारी पाय चपलेत मावत नाहीत हे नवऱ्याला सांगितलं. त्याने नव्या चपला आणू म्हटलं. काल उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. दोनदा उत्तरं मिळाल्यावर माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही. आता डोळ्यांसमोर काजवे चमकत होते आणि मांडीवरच्या मुलीचा चेहरा मधूनच पुसल्यासारखा होत होता. तिला भीती वाटत होती, सरळ सरळ मरणाची भीती.

नवऱ्याने नळी तपासली, नवा तुकडा जोडला, सेल बदलले. काम त्याने नेहमीसारखं चोख केलं. मग दुकानात ठरलेल्या वजनाने काटा तपासतात तसा पट्टा आधी आईला बांधला. आईचा रोजचा आकडा एकशे अडतीसच्या आसपास. आला एकशे सदतीस. स्वतःला बांधला, एकशे वीस. तोपर्यंत साडेदहा वाजले होते.

"बरोबर दाखवतंय," तो समाधानाने म्हणाला आणि पट्टा तिला बांधला.

एकशे ऐंशी. एकशे अठरा.

एखाद्या गिऱ्हाइकाला त्याने केव्हाच सांगितलं असतं की काट्यात दोष नाही, माल जास्त आहे. आता त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मशीन बरोबर निघाल्याचं दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. पुढच्या दहा मिनिटांत तिघंही मुलीला घेऊन रिक्षात होती.

दवाखान्यात कुणी वेळ घालवला नाही. शिरेत सुई गेली, बीपीचं औषध गेलं, फिट येऊ नये म्हणून दुसरं सुरू झालं. त्या औषधाने तिच्या अंगभर आग आग झाली. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हे होऊ शकतं, डॉक्टर म्हणाल्या, आणि त्रास कधीपासून आहे ते विचारलं.

"आज सकाळीच जरा..." सासूबाईंनी सवयीने सुरुवात केली.

"आई, तिला सांगू दे."

तिने सांगितलं. बुधवारचं, चपलांचं, बरगडीचं, काजव्यांचं. डॉक्टर एकेक लिहून घेत होत्या. ते बघून तिला रडू फुटलं.

"मी वाचेन ना?"

"वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही," नवरा म्हणाला. "आकडा नऊलाच आला होता. दीड तास मी मशीन उघडून बसलो होतो."

डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि तेही लिहिलं. सासूबाई नातीला खांद्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दुपारपर्यंत पडद्यावरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीसवर आला. नर्सने तो मोठ्याने वाचला, छान म्हणाली आणि पलीकडच्या खाटेकडे गेली. नवरा स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला.

"डोकं कसंय?" त्याने विचारलं.

"दुखतंय अजून."

तो उठला आणि नर्सला बोलवायला गेला.