झाकणाच्या आतला नकाशा

मित्रांनो, मी एक जुनी ड्राइव्ह आहे. संगणकाची माहिती साठवणारी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. आकारावर जाऊ नका. कारखान्यात माझा वेग मोजला तेव्हा तपासनीस बाईंनी शेजारणीला बोलावून आकडा दाखवला होता. ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं, हे कबूल करते.

तीन वर्षं मी हॉस्पिटलच्या नावनोंदणीच्या सर्व्हरमध्ये सुखात होते. मग स्कॅनच्या सर्व्हरमधली ड्राइव्ह मंद झाली म्हणून तंत्रज्ञाने तिला भंगाराच्या खोक्यात टाकलं आणि तिच्या जागी मला बसवलं. "कामचुकार असणार," मी मनात म्हटलं. स्क्रू आवळला गेला, झाकण बंद झालं.

पहिला स्कॅन मागितला गेला आणि माझा जीव गुदमरला. आमची माहिती लेनवरून धावते. मला चार लेन लागतात, इथे एकच होती. बाकीच्या तीन शेजारच्या नव्या नेटवर्क कार्डाने घेतल्या होत्या. अंगात बळ असून मी दाराशीच खोळंबले.

"पेशंट टेबलावर आहे आणि मी अर्धाच मेंदू बघत बसलेय," डॉक्टरबाई फोनवर तंत्रज्ञाला म्हणाल्या. तो शरमला. त्याच्याहून जास्त मी.

आणि उत्तर माझ्या डोक्यावरच होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला होता. 'नेटवर्क कार्ड लावल्यास तिसऱ्या स्लॉटला एकच लेन.' स्लॉट म्हणजे आमची बसायची खाच, आणि मी तिसऱ्याच खाचेत होते. हिरव्या दिव्याच्या उजेडात मी ते रोज वाचत होते. सांगणार कशी? तंत्रज्ञाने माझं तापमान पाहिलं, सॉफ्टवेअर बदललं, मला काढून पुन्हा बसवलं. दर वेळी झाकण टेबलावर पालथं पडायचं आणि नकाशा खाली दबायचा.

शेवटी तो वरिष्ठ ताईंना म्हणाला, "हीपण गेली. टाकून देतो."

"थांब, मला एकदा बघू दे."

ताईंनी झाकण काढून उताणं ठेवलं. स्क्रू घरंगळू नयेत म्हणून ताटासारखं वापरायची त्यांची सवय. स्क्रू टाकता टाकता त्यांचा हात थांबला.

"हे कधी वाचलंस का रे?"

"झाकण कोण वाचतं, ताई?"

त्यांनी मला पहिल्या स्लॉटमध्ये बसवलं. चारही लेन मोकळ्या. पुढचा स्कॅन मागताक्षणी पोचला. त्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला नाही. आमच्यात हीच शाबासकी.

तंत्रज्ञ मात्र लगबगीने खोक्याकडे गेला. खोकं रिकामं होतं. भंगार सकाळीच गेलं होतं.

"त्या स्लॉटमधल्या तीन ड्राइव्ह मंद म्हणून टाकल्या मी," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, कुणाला मंद म्हणण्याआधी त्याला वाट किती दिली आहे ते पाहत जा. तंत्रज्ञ आता प्रत्येक झाकण उलटून वाचतो. मला मात्र ती खोक्यातली आठवते. तिला कामचुकार म्हणणारी मीच होते.