उरलेली दारं

साहेब, तुम्ही पुस्तक वाचलं नाही, किंमत वाचली. एकोणपन्नास रुपये दिसले, लिहिणारीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, तेवढ्यावर निकाल लावून मोकळे झालात.

हे ब्लेसीनं चौफुल्याला एसटीत चढल्यापासून मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं, की न्हावरा मागं पडेपर्यंत त्याची धारच गेली. ज्याला सुनावायचं तो माणूस पुण्याहून आपल्या गाडीनं शिरूरला येणार होता. ज्या अ‍ॅपवर तिचं पुस्तक होतं, तिथं हा 'तज्ज्ञ वाचक' होता, नावापुढं निळी खूण असलेला. ब्लेसीच्या पुस्तकाला त्यानं एक तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'भाषा अशुद्ध. किमतीसारखाच माल.' त्यानंतर ते पुस्तक कुणी घेतलं नाही.

शेजारी खिडकीला तिची आई, दयाबाई, चर्चला जायची पांढरी साडी नेसून बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण पोरीचं पुस्तक आज घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, वाचनालयात जाणार एवढं तिला कळलं होतं आणि घरी थांबायला ती तयार नव्हती. पुस्तक फोनमधी हाय तर मग एसटीनं कशाला न्यायचं, असं मात्र तिनं वाटेत दोनदा विचारून घेतलं.

ब्लेसी दहावी झालेली. यवतला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. लोकांचे कागद काढता काढता हाताला लागेल ते वाचत गेली आणि त्यातच लिहायला शिकली. पुस्तक फोनवर, अंगठ्यानं लिहिलं. किंमत एकोणपन्नास ठेवली, कारण तिच्याबरोबर शाळा सोडलेल्या खुटबावच्या पोरी आता शेवंती तोडायला जातात, त्यांना ते घेता यावं. स्वस्त ठेवण्यामागं एवढाच विचार होता. तो तिला कुणी विचारला नाही.

पुस्तकाचं पहिलंच वाक्य होतं, 'मी झाले त्या दिवशी आई दारं धरत होती.'

ज्याच्या वावरात कधी पाटाचं पाणी फिरलंय त्याला यात सांगण्यासारखं काही नाही. एक वाफा भरला की मातीनं त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. त्या तोंडाला दार म्हणतात. फावडं घेऊन, चिखलात उभं राहून, रान भिजून संपेपर्यंत हेच करत राहायचं, म्हणजे दारं धरायची. दयाबाई ती दुसऱ्याच्या रानात धरत होती, भरल्या पोटानं. कळा सुरू झाल्या तरी पुढ्यातला वाफा भरल्याशिवाय तिनं फावडं टाकलं नाही. टाकलं तेव्हा मालकाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं ते उचललं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उरलेली दारं धरली. त्याला त्याची लाज वाटली नाही, असं ब्लेसीनं लिहिलं होतं. अख्ख्या पुस्तकात मालकलोकांबद्दल चांगलं काही असेल तर ते एवढंच.

तो मुलगा म्हणजे बबनराव. आता शिरूरच्या मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत आहे आणि वाचनालयाचे ते अध्यक्ष. पुस्तक वाचून त्यांनीच आपणहून फोन केला होता. म्हणाले, ब्लेसी, तो पोरगा मी. मला कुणी पुस्तकात घालंल असं कवा वाटलं नव्हतं. वाचनालयानं पोरांसाठी टॅब घेतले होते, त्यात ई-पुस्तकं भरायची होती. तुझं पहिलं घालतो, म्हणाले. समितीतल्या लोकांना मात्र पुण्याच्या कुणा जाणकाराचा सल्ला हवा होता, म्हणून त्याचं भाषण ठेवलं होतं. विषय, 'अनोळखी लेखकांची स्वस्त ई-पुस्तकं घ्यावीत का?' भाषण झालं की तिथल्या तिथं यादी ठरणार होती.

जाणकार कोण, ते ब्लेसीला निमंत्रणावरचा फोटो बघून कळलं. एका ताऱ्याचं तिनं बबनरावांना सांगितलं नाही. त्यांना ती आप्पा म्हणायची. आप्पा आहेत ना तिथं, मग कशाला सांगायचं. इथंच ती चुकली.

हॉल भरला होता. शाळांमधले मास्तर, बँकेतले, यार्डातले, कंपन्यांत सुपरवायझर झालेले. बहुतेकांचं गावाकडं रान. पाहुणे बोलायला चांगले होते, हे मान्य करायला पाहिजे, आणि सगळंच काही खोटं बोलले नाहीत. कुणी जुन्या गोष्टी उचलून स्वतःच्या नावावर खपवतो, कुणी दहा पानांना कादंबरी म्हणतो, कुणी मशीनकडून लिहून घेतो आणि एकदा वाचूनसुद्धा बघत नाही. असली दोन-तीन पुस्तकं घेऊन ब्लेसीनंही पैसे घालवले होते. ती मान हलवत ऐकत होती. वाईट पुस्तक पाचशेला घेतलं तरी ते वाईटच, हे आता म्हणतील असं तिला वाटत होतं. पाहुणे म्हणाले, जो लेखक स्वतःची किंमत चहा-वड्याएवढी लावतो, त्याची आपण जास्त का लावावी?

टाळ्या पडल्या. मग पाहुण्यांनी फोन काढला. नाव सांगत नाही, म्हणाले, उगाच कुणाचं मन दुखवायला नको. नुसतं पहिलं वाक्य ऐका.

"मी झाले त्या दिवशी आई दारं धरत होती."

ते थांबले. हॉलभर नजर फिरवली.

"आता मला सांगा, बाळंतपणाच्या दिवशी ही बाई दारं का धरत होती? घराला कड्या नव्हत्या का?"

हॉल हसला.

ब्लेसीला आधी वाटलं, लोक पाहुण्यांनाच हसतायत. मग तिनं तोंडं बघितली. ज्यांच्या बापांच्या टाचा दारं धरून चिरल्या, ती माणसं पाहुण्याच्या बाजूनं हसत होती. पाहुण्याला एवढं साधं माहीत नाही हे दाखवून देणं वाईट दिसलं असतं. आणि आपल्याला ते माहीत आहे, आपण अजून चिखलातले आहोत, हे दाखवणं त्याहून वाईट. म्हणून सगळे हसले. मागच्या एका मास्तरानं तर "कड्या" असं पुन्हा म्हणून शेजारच्याला कोपर मारलं.

स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत बबनराव होते. तेही हसले. मोठ्यानं नाही, मान खाली घालून, मिशीतल्या मिशीत. पण हसले.

आणि दयाबाईही हसली. सगळे हसतात म्हणून, पदर तोंडाला लावून. मग तिचं हसू मधेच थांबलं आणि ती लेकीकडं वळली.

"ब्लेसे, ती मीच का गं?"

ब्लेसी उभी राहिली. एसटीत घोकलेलं वाक्य आता कामाचं नव्हतं. ते पुस्तक माझं हाय, म्हणाली. दारं धरणं म्हणजे काय ते तिनं सांगितलं, मालकाचं नाव न घेता, पाट, वाफा, फावडं, सगळं. तुम्हाला ठावं नव्हतं त्यात काय लाज न्हाई, पण कुणाला तरी इचारायचं व्हतं, म्हणाली.

पाहुणे गडबडले नाहीत. असली माणसं गडबडत नाहीत. लेखिका इथंच आहेत, केवढा योग, म्हणाले आणि तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मग प्रेमानं समजावलं. असा शेतीतला शब्द असेल तर खाली तळटीप द्यायची, शोधत बसणं हे वाचकाचं काम नाही. एखादा संपादक गाठायचा, भाषा शुद्ध करून घ्यायची, आणि किंमत जरा वाढवायची, म्हणजे लोक गांभीर्यानं घेतात. तोच शब्द दोनशे रुपयांना चालला असता, असं ते म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच होता. पुढं काय करायचं ते ठरल्यासारखं त्यांनी बबनरावांकडं बघितलं.

बबनरावांनी माइक ओढून घेतला.

"ब्लेसी, बस आता. पाव्हण्यांना पुण्याला जायचंय. तुझं पुस्तक हाय की आपल्या घरचंच. जरा दुरुस्त करून आण, पुढच्या यादीत घेऊ."

म्हणजे या यादीतून ते गेलं. समितीतल्या एकानं लगेच समोरच्या कागदावर रेघ मारली. मागून कुणीतरी म्हणालं, बसा की ताई, चहा गार होतोय. पुन्हा हशा पिकला. दयाबाई तिचा हात ओढत होती. चल म्हणत होती, जाऊ दे, आपल्याला गाडी घावायची न्हाई.

ब्लेसी बसली नाही. पाहुण्यांवरचा तिचा राग तेवढ्यात कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. ते परके होते. त्यांनी चूक केली ती न कळून, आणि फुशारकीनं. पण स्टेजवर बसलेल्या एका माणसाला त्या वाक्यातला चिखल पायाच्या बोटांपर्यंत माहीत होता.

"पाव्हण्यांचं सोडा, आप्पा," ती म्हणाली. "पुस्तक यादीतनं काढा, माझं काय म्हणणं न्हाई. किंमत एकोणपन्नासच ऱ्हाईल आन् शब्दबी त्योच ऱ्हाईल. पर तुम्ही हसलात. माझी आई हितं बसलीय. तिच्याकडं बघा आन् समद्यांना सांगा."

बबनराव माइकच्या वायरीचा पीळ काढत होते. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.

"तिनं फावडं टाकलं त्या दिवशी, उरलेली दारं कुणी धरली?"