दोन गुटक्यांचा ओळंबा

दचकू नका, या खिळ्यावरून मीच बोलतोय. मी ओळंबा. पेरूएवढा पितळी गोळा, डोक्यात भोक, भोकातून दोरी. भिंत सरळ चढतेय की नाही, हे गवंड्याला सांगणं माझं काम. दोरी सोडली की मी सरळ खाली बघतो, मला दुसरं काही येतच नाही. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही म्हणा. सरळ राहणं अवघड जातं ते माणसांना, आणि ते मी एका माणसाच्या खिशात राहून पाहिलंय.

माझा जन्म भट्टीत झाला. साच्यातून निघालो तेव्हा काळाकुट्ट होतो. लेथवर कातकाम करणाऱ्या कारागिरानं घासून-पुसून मला माणसात आणलं. ज्यांच्या खिशात मी पुढे राहिलो त्या अण्णांच्या बाबांनी, तेही गवंडीच, मला घेतलं आणि माझ्या दोरीत लाकडाचा एक गुटका ओवला. हा गुटका म्हणजे माझा जोडीदार. त्याची रुंदी बरोब्बर माझ्याएवढी. गवंडी वर भिंतीला गुटका टेकवतो आणि खाली मला सोडतो. मी भिंतीला हळूच शिवलो की भिंत सरळ. गुटका जरा जरी जाड झाला, तर मी कितीही खरा असलो तरी काय उपयोग!

बाबा चर्चचे एल्डर होते, म्हणजे चर्चच्या मंडळीनं, तिथल्या सभासदांनी, निवडलेले वडीलधारे. कामाच्या पहिल्या विटेवर हात ठेवून ते डोळे मिटत आणि प्रार्थना करत. अण्णांना म्हणत, “लोक रंग बघतात रे. देव प्लास्टरच्या आतलं बघतो.” लहानगे अण्णा प्लास्टरला नाक लावून आत काही दिसतंय का ते बघायचे. काय हसायचो आम्ही! ते दिवस आठवले की अजून माझ्या पितळेला ऊब येते.

पुढे बाबा गेले आणि मी अण्णांकडे आलो. माणूस बाबांसारखाच. सिमेंट कमी घालणार नाही, तुटकी वीट भिंतीत दडवणार नाही. लोक म्हणत, “अण्णांची भिंत म्हणजे डोळे झाकून घ्या.” ऐकून ऐकून अण्णांनाही ते खरं वाटायला लागलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

नर्सबाईंची नवी खोली बांधायला घेतली आणि पहिल्याच दिवशी जुना गुटका हरवला. नर्सबाई म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. अण्णांनी फळीचा तुकडा उचलला, नुसत्या नजरेनं तासला आणि माझ्या दोरीत ओवला. मोजला नाही. “माझी नजर काय कमी ओळंबा आहे?” म्हणाले. मी बोंब मारली असती, पण मला तोंड कुठं होतं? नवा गुटका दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड होता. दर चार थरांनी तेवढीच चूक, आणि मी आपला इमानदारीत भिंतीला शिवतोय! भिंत छताला लागली तेव्हा दोन बोटं आत झुकली होती. मग प्लास्टर झालं, वर फिकट निळा रंग लागला. सगळं झाकलं गेलं.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी, वाळूची चाळण झटकताना जुना गुटका टपकन खाली पडला. अण्णांनी आनंदानं दोन्ही शेजारी धरले, तर नवा जाडा निघाला. तसेच मला घेऊन नर्सबाईंच्या घराकडे गेले. बाई बाजारात गेल्या होत्या. बाहेरून जुना गुटका लावून मला सोडलं. मी शिवण्याऐवजी भिंतीवर जाऊन रेललो. अण्णांनी मला पुन्हा एकदा सोडून पाहिलं, मी पुन्हा रेललो.

आता दुसऱ्या दिवशी काय होतं, तर एल्डरची निवड. चर्चमध्ये बाबा बसायचे तो एल्डरचा बाक पुन्हा रिकामा झाला होता आणि मंडळीनं अण्णांचं नाव सुचवलं होतं. अण्णांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण त्या बाकावर बसायची त्यांची किती इच्छा होती ते मला ठाऊक होतं.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, पोळपाट बाजूला सारून म्हणाली, “अहो, पडणार आहे का ती भिंत?”

“आपल्या हयातीत तरी नाही.”

“मग सोमवारी सांगा की. रविवार तेवढा होऊ द्या. लपवा कुठं म्हणतेय मी?”

 अण्णा म्हणाले, “सोमवारी मी खरंच बोलेन गं. पण रविवारी बाबांच्या बाकावर खोटा बसेन, त्याचं काय?”

काकूनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. डोळे पुसले, पण शर्टाला इस्त्री कडक केली.

रविवारी उपासना झाली. पाळकांनी अण्णांचं नाव उच्चारलं आणि अण्णा दोन्ही गुटके हातात घेऊन उभे राहिले. मी खिशात. “नर्सबाईंची भिंत वाकडी आहे,” ते म्हणाले. “गुटका मी मोजला नाही. गर्व झाला होता. भिंत मी नव्यानं बांधून देणार, आणि माझं नाव मागे घ्या.”  

मागच्या बाकावरून नर्सबाई उठल्या. “मला माहीत होतं, अण्णा.”

अण्णा वळलेच.

“कॅलेंडर लावलं ना, ते खालून भिंतीला टेकेचना. रोज बघायचे. तुमची चारचौघांत शोभा करायची नव्हती मला. पण आज तुमच्या नावाला हात वर करणार नव्हते, एवढं ठरवून आले होते.” आणि बाईंनी हात वर केला. त्यांच्यामागे एकेक करत सगळ्यांनी. काकूनं तर दोन्ही.

अण्णा रडले. अगदी लहान मुलासारखे. “आधी भिंत,” एवढंच म्हणाले. बाबांचा बाक आणखी एक महिना रिकामा राहिला. अण्णा त्यावर बसले त्या दिवशी नर्सबाईंचं कॅलेंडर खालपर्यंत भिंतीला टेकलेलं होतं; आदल्या संध्याकाळी मी स्वतः पाहून आलो होतो.

आता अण्णा नाहीत. बांधकाम करणाऱ्या त्यांच्या नातीकडे भिंतीवर लाल रेघ मारणारं लेसरचं यंत्र आहे आणि ते चांगलं काम करतं, मी कशाला नावं ठेवू? परवा सूनबाई आवराआवर करताना म्हणाली, “पितळ मोडीत घालू, लाकडं चुलीत.”

पोरींनो, मला खुशाल मोडीत घाला, वितळायची मला सवय आहे. जुना गुटकाही हवा तर जाळा. पण तो दुसरा, जाडा, तेवढा ठेवा. जाळण्याआधी निदान उलटा करून बघा. त्यावर अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलंय, “हा चुकीचा. मीच केलेला.”