कुठल्याच जिन्याची नसलेली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. पायरी म्हटलं की तिच्या पाठोपाठ जिना येतो, दार येतं, वरची खोली येते. माझं तसं काही नाही. माझ्यावर चढून कुठेही पोहोचता येत नाही. ज्या बाजूने चढलात, त्याच बाजूने मुकाट खाली उतरायचं. तरीही इतक्या माणसांनी इतका घाम गाळून माझ्यावर चढ-उतार केली आहे, की जन्म फुकट गेला असं मला म्हणवत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर तिथे आल्या आणि जमिनीपासून वर हात धरून म्हणाल्या, "एवढी उंच हवी. आणि अजिबात हलता कामा नये."

"कुठल्या जिन्याला लावायचीय?" सुताराने विचारलं.

"कुठल्याच नाही."

सुताराने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. एका जुन्या दाराच्या जाड फळ्या त्याच्याकडे पडून होत्या, त्यातून त्याने मला घडवलं. माझे कोपरे घासून गोल केले, पाय घसरू नये म्हणून वर रबराची पट्टी चिकटवली, आणि मग स्वतःच माझ्यावर उभा राहून दोन उड्या मारून पाहिल्या. मी पेललेलं ते पहिलं वजन.

आमच्या दवाखान्यात येणारी माणसं हातावर पोट असलेली. डॉक्टर त्यांना औषध लिहून देत आणि शेवटी म्हणत, "थोडा व्यायाम करत जा." पेशंट मान हलवत आणि घरी जात. कसला व्यायाम, कसा, दुखऱ्या गुडघ्याने करायचा की नाही, हे सांगायला डॉक्टरांना वेळ नसे आणि विचारायला पेशंटला धीर नसे. म्हणून सिस्टरांनी मागच्या खोलीत एक वर्ग सुरू केला. जिममध्ये काम करणारी तरुण मुलंमुली तिथे शिकायला येत. वर्ग पूर्ण झाला की त्यांनी दवाखान्यात व्यायाम सल्लागार म्हणून बसायचं, असं ठरलेलं होतं. त्यांना स्नायूंची नावं तोंडपाठ होती. पेशंट मात्र त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता.

मी माणसं पायांवरून ओळखते. या मुलांचे पाय एकजात उड्या मारणारे. माझ्यावर येतानाही ती उडी मारूनच येत. सिस्टर ते शांतपणे बघत आणि मग एकेकाच्या एका पायाला वाळूची पिशवी बांधून, दोन्ही हातांत भरलेल्या थैल्या देऊन म्हणत, "आता चढा." मग उड्या बंद होत. वर्गाचा दुसरा नियम त्याहून अवघड होता. पेशंट समोर बसला की आधी विचारायचं, "तुमचं दिवसभराचं काम काय?" उत्तर मिळेपर्यंत एकही व्यायाम दाखवायचा नाही.

बऱ्याच वर्षांनी आलेल्या मुलांत एकाला सगळे पहिलवान म्हणत. तो चढला की माझ्या फळ्या कुरकुरत. मनाने फार चांगला, पण जिभेला लगाम नाही. प्रश्न विचारायचा आणि उत्तर अर्ध्यावर आलं की म्हणायचा, "छान. आता दोन्ही हात वर करा."

त्याच वर्षी एका जिमच्या मालकाने वर्गाला निळ्या प्लॅस्टिकच्या पायऱ्या भेट दिल्या. हलक्या, चकचकीत, एकात एक बसणाऱ्या. माझी रवानगी कोपऱ्यात झाली आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा जार आला. त्याच्या तोटीतून सतत पाणी ठिबकायचं आणि माझी एक बाजू फुगायला लागली. मला वाईट वाटलं. निळ्या पायऱ्यांचा रागही आला. त्यांची उंची माझ्याएवढीच होती, मग त्यांचं एवढं कौतुक कशाला, हे मला कळेना.

त्याच सुमारास एक मावशी दवाखान्यात आल्या. त्यांची लेक त्यांच्या दंडाला धरून होती. मावशी एका मोठ्या इमारतीतली ऑफिसं झाडत असत. मग त्या आजारी पडल्या, बरेच दिवस अंथरुणात गेले, आणि उठल्या तेव्हा पायांत जीवच उरला नव्हता. मला कोपऱ्यातून त्यांच्या चपला दिसल्या. उजवी फरशीवर घासत येत होती. कामावरच्या मुकादमाने निरोप पाठवला होता, पुढच्या महिनाअखेरपर्यंत या, नाहीतर दुसरी बाई ठेवतो. घर त्यांच्याच कामावर चालत होतं.

मावशी पहिलवानाच्या वाट्याला आल्या. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "मावशी, दिवसभराचं काम काय?"

"झाडलोट. सगळे मजले."

"लिफ्ट आहे ना?"

"आहे की. मजल्यांचं काही नाही रे, पण तिथवर जायचं म्हणजे..."

"लिफ्ट आहे म्हणजे प्रश्नच मिटला," पहिलवान म्हणाला. "आता दोन्ही हात वर करा बघू."

मावशींनी हात वर केले. बोलणं तिथेच राहिलं.

कष्टाची त्यांना सवय होती. पहिलवानानेही जीव ओतून शिकवलं. आधी खुर्चीवरून उठणं-बसणं, मग भिंतीला धरून टाचा उचलणं, मग निळी पायरी. एके दिवशी कशालाही न धरता त्या पायरीवर चढल्या आणि उतरल्या. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मावशी लाजल्या, हसल्या आणि "येते" म्हणून गेल्या.

त्या पुन्हा आल्याच नाहीत. ठरलेल्या तपासणीलाही नाहीत.

"जमतंय त्यांना," पहिलवान म्हणाला. "आता कंटाळा करत असतील."

"असतील," सिस्टर म्हणाल्या. "घरी जाऊन विचारून या."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे पाय उंबऱ्यापाशीच रेंगाळले. मावशी इथून निघाल्या त्या कामावर जायला म्हणून थेट दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर गेल्या होत्या. बसची पहिली पायरी केवढी तरी उंच. हातात थैली, धरायचा दांडा एकाच बाजूला. पाय उचलला, पण अंग वर जाईना. मागून लोक म्हणायला लागले, "मावशी, चढा नाहीतर बाजूला व्हा." मावशी बाजूला झाल्या. एकामागून एक बस गेल्या आणि त्या चालत घरी परतल्या. व्यायाम आपल्यासारख्यांसाठी नसतो, असं त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं.

"त्या पहिल्याच दिवशी हेच सांगत होत्या, सिस्टर," पहिलवान म्हणाला. "मीच पुरं बोलू दिलं नाही."

"आता पुरं ऐकून आलात ना? मग लागा कामाला."

तो थांब्यावर गेला, बसशेजारी उभा राहिला आणि स्वतःच्या पायावर जिथे तिच्या पायरीची उंची आली तिथे बोट धरूनच परत आला. त्याने दोन निळ्या पायऱ्या एकावर एक ठेवून पाहिल्या. पाय ठेवला की त्या फरशीवरून सरकत. मग त्याने कोपऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावरचा जार उचलून खाली ठेवला. मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही.

सुताराला बोलावलं. तोही आता म्हातारा झाला होता. मला उलटंसुलटं करून म्हणाला, "ही माझीच. अजून जिना मिळाला नाही वाटतं हिला?" त्याने माझ्याखाली मजबूत चौकट ठोकली आणि एका बाजूला बसच्या दांड्यासारखा लोखंडी पाइप बसवला.

लेकीने मनधरणी करून मावशींना आणलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एवढी उंच? ही कसली पायरी?"

"बसची, मावशी."

"मग आधीच का नाही आणलीस?"

"आधी तुमचं ऐकलं नव्हतं."

मावशींनी थैली हातात घेतली आणि माझ्यावर पाय ठेवला.  बरेच दिवस तो नुसता यायचा, दाबायचा आणि खाली जायचा. एकदा मावशी चिडून बसल्या आणि रडल्या. पहिलवान शेजारी फरशीवर बसून राहिला आणि पहिल्यांदाच गप्प राहिला. मग एका दुपारी त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. कोणीतरी टाळ्या वाजवायला हात वर केले, तर सिस्टर म्हणाल्या, "आत्ता नको. बसमध्ये बसू देत."

मुकादमाने दिलेली महिनाअखेर आली. त्या सकाळी मावशी थैली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मागे कोणी येऊ नका. चार माणसं बघायला लागली की पाय लटपटतात." त्या एकट्याच बाहेर गेल्या. सगळे खोलीतच थांबले, लेकसुद्धा.

आमच्या खोलीची खिडकी फार उंच आहे. पहिलवानाने मला ओढत भिंतीपाशी नेलं आणि माझ्यावर चढून तो बाहेर बघू लागला. मला रस्ता दिसत नव्हता. मला त्याचे तळवे तेवढे कळत होते. बसचा ब्रेक वाजला तशा त्याच्या टाचा उचलल्या गेल्या. बोटं रबराच्या पट्टीत रुतली. रस्त्यावर कोणीतरी काहीतरी ओरडलं. टाचा वरच राहिल्या. मग इंजिनाचा आवाज वाढला, लांब गेला, आणि त्या टाचा अगदी हळू खाली आल्या.

"चढल्या," तो म्हणाला.

मग पाइपला धरून, एका वेळी एक पाय टाकत, त्याने मावशींना शिकवलं होतं तसाच तो खाली उतरला. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मित्रांनो, आता माझं रबर झिजलं आहे आणि फुगलेली बाजू काही सरळ झाली नाही. पहिलवान आता नवी मुलं शिकवतो. पेशंटला प्रश्न विचारतो आणि मग तोंड मिटून बसतो. कधी कधी बराच वेळ खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो. मग पेशंट हळूच म्हणतो, "पण तिथवर जायचं म्हणजे..." आणि सगळं सांगतो. मावशी पुन्हा आल्या नाहीत. बस येते आणि जाते, तेवढा आवाज मला रोज सकाळी ऐकू येतो.

माझं मागणं थोडंच आहे. माझ्यावर जार ठेवू नका, पाय ठेवा. आणि कोणाला चढायला शिकवायला निघालात, तर आधी बाहेर जाऊन त्याची पायरी बघून या.