कड्यावरच्या बायकांचा आवाज

तौ लानफन सिनेमे काढते हे आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. ती आमच्या शिपान गावची, शिउयुनची पोर, हे मात्र मी समोर येईल त्याला सांगते. शिउयुन माझी शेजारीण, आणि त्याहून मोठं नातं म्हणजे पाटाच्या खोदकामातली जोडीदारीण.

थायहांग डोंगराच्या कड्यात तो पाण्याचा पाट खोदला तेव्हा गावातले धडधाकट पुरुष कोळशाच्या खाणींवर गेले होते. नदी खाली दरीत वाहायची आणि वर आम्ही घोटभर पाण्याला महाग. शेवटी बायकांनीच घण आणि छिन्न्या उचलल्या. शिउयुन कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळायची आणि सुरुंगानंतर सैल झालेले दगड पहारीने खाली लोटायची. मी छिन्नी धरायचे, फंगल्यान घण घालायची. फंगल्यान आमच्यातली सगळ्यात तोंडाळ. तिच्या घणापेक्षा तिच्या शिव्यांनीच दगड लवकर फुटतो, असं आम्ही म्हणायचो.

लानफन तेव्हा लहान होती. तिला आम्ही अक्रोडाच्या झाडाखाली बसवून ठेवायचो. इतर पोरांसारखी ती खेळायची नाही, आमच्याकडे टक लावून बघत बसायची. फंगल्यान म्हणायची, "शिउयुन, तुझी पोरगी सून पाहायला आलेल्या सासूसारखी बघते गं."

पुढे कैक वर्षं बंद असलेल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा लानफन जिल्ह्याच्या गावी शाळेत शिकवत होती. घरी काही न बोलता ती बीजिंगला जाऊन सिनेमाच्या कॉलेजची परीक्षा देऊन आली आणि पासही झाली. सिनेमा म्हणजे खेचरावर यंत्र लादून गावोगाव खेळ दाखवणं, एवढंच आम्हाला माहीत. शिउयुनने विचारलं, पडदा बांधायला कॉलेज कशाला लागतं? लानफन हसली आणि गाठोडं बांधून निघून गेली. तिथे तिच्या बोलण्याच्या हेलावर वर्गातली मुलं हसायची, हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती शहरी भाषा झकास बोलायला शिकली, पण गावाच्या वेशीत पाऊल टाकलं की तिची जीभ आपोआप आमच्यासारखी वळायची.

शिकून झाल्यावर प्रांताच्या स्टुडिओत नेमणूक मिळाली. कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या सिनेमांत राबली. कपड्यांची गाठोडी सांभाळली, नट्यांच्या डोक्यावर छत्र्या धरल्या. मग एकदा तिने साहेबापुढे आमच्या पाटाची गोष्ट मांडली. स्टुडिओचे प्रमुख फांग साहेब माणूस वाईट नव्हते, पण ताकही फुंकून पिणारे. त्यांचं म्हणणं होतं, गोष्टीत एक तरुण इंजिनिअर घाल, तो बायकांना वाट दाखवेल.

"असा कुणी नव्हता," लानफन म्हणाली.

"नसू दे. पण नुसत्या बायकांनी डोंगर फोडला, हे बघणाऱ्याला पटायला नको?"

"ज्याला पटणार नाही त्याला पाटाचं पाणी पाजते, साहेब."

साहेबांना हसू आलं आणि त्यांनी होकार दिला. नावाजलेली नटी मात्र एकही मिळणार नाही, असंही बजावलं. लानफनला ती नकोच होती. चार माणसं आणि कॅमेरा घेऊन ती गावात आली आणि म्हणाली, सिनेमात तुम्हीच काम करायचं, आपापलं. आमच्या पिकलेल्या केसांना काळा रंग लावला. सुरकुत्यांचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काकू, तेव्हा तरी तुमचे गाल कुठे लोण्यासारखे होते?"

शिउयुनने काम करायला साफ नकार दिला. म्हणाली, मी दोराला लोंबकळले ते पाण्यासाठी, कुणी बघावं म्हणून नाही. लानफनने आईला आग्रह केला नाही. दोरावरच्या कामासाठी गावातलीच एक धीट तरुण पोर निवडली. पण तिला खाली सोडायच्या आधी लानफनने तोच दोर स्वतःच्या कमरेला बांधला. परक्याच्या पोरीला उतरवायचं तर आधी मी उतरून बघते, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळ्या कड्याच्या काठाशी गोळा झालो. तेवढ्यात आमच्यासाठी राळ्याची पेज घेऊन आलेल्या शिउयुनने भांडं खाली ठेवलं, लेकीच्या कमरेची गाठ सोडली, आपल्या पद्धतीने पुन्हा मारली आणि ओढून बघितली. लानफन खाली गेली आणि हसत वर आली. त्या दिवसापासून शिउयुन रोज त्या कड्याशी येऊन बसू लागली.

सिनेमा पुरा झाला आणि स्टुडिओत अडकला. वाऱ्यामुळे आवाज नीट येत नाही, त्यात या डोंगरी बोलीतलं कुणाला काही कळणार नाही, शहरातल्या नट्यांकडून आवाज भरून घ्या, असं वरून ठरलं. लानफनने नकार दिला. मग सिनेमाचे डबे गोदामात गेले आणि तिला शेतकऱ्यांसाठी माहितीपट करायला धाडलं. कापसावरची अळी, डुकरांची निगा, असले विषय. तिने तेही जीव लावून केले. तिची डुकरं पडद्यावर अशी ऐटीत चालायची की आमच्या गावकऱ्यांनी तो सिनेमा पुन्हा लावायला लावला. तरी टोमणे मारणारे होतेच. बाजारात एकाने शिउयुनला ऐकवलं, तुमची सिनेमावाली डुकरांची दाई झाली म्हणे. शिउयुन म्हणाली, "डुकरं निदान स्वतःच्या आवाजात तरी ओरडतात."

मधल्या काळात फंगल्यान गेली. दगडाची धूळ तिच्या छातीत बसली होती. सिनेमा बघायचा राहून गेला.

मग फांग साहेब निवृत्तीला आले. जाण्याआधी त्यांनी लानफनला बोलावलं. सिनेमा बाहेर यावा असं त्यांनाही वाटत होतं, पण आवाज पुन्हा भरल्याशिवाय तो वरून सुटणार नव्हता. लानफन म्हणाली, भरू या, पण त्याच बायकांचा. साहेबांनी उसासा टाकला. आण म्हणाले. ओठ आणि शब्द जुळले तर ठीक, नाहीतर शहरातल्या नट्या.

आम्ही आगगाडीने प्रांताच्या शहरात गेलो. शिउयुनही आली. तुमच्या पोटाला कोण बघणार, म्हणून येते म्हणाली. एका काळोख्या खोलीत पडदा होता आणि त्यावर आम्ही होतो, मुक्या. पहिले दिवस फजितीचे गेले. पडद्यावरचं तोंड मिटून झालं की आमचे शब्द यायचे. आवाज टिपायच्या यंत्रावरची माणसं एकमेकांकडे बघायची. लानफनने मला बाजूला घेतलं.

"काकू, ओठांकडे बघूच नका. घणाकडे बघा. घण वर गेला की श्वास घ्या, खाली आला की बोला. तेव्हा तसंच बोलत होता ना?"

तसंच बोलत होतो. त्यानंतर एकेक दृश्य जुळत गेलं. यंत्रावरची माणसं मान हलवायला लागली.

आणि मग पडद्यावर फंगल्यान आली. तोंड भरून काहीतरी बोलत होती आणि खोलीत आवाज नव्हता. तिच्यासाठी कोण बोलणार, हे आम्ही कुणी विचारातच घेतलं नव्हतं. बाहेर एक शहरी नटी तयार बसली आहे, असं कुणीतरी हळूच सुचवलं.

मागच्या बाकावरून शिउयुन उठली. "तिच्या शिव्या मला पाठ आहेत," म्हणाली.

ती माइकसमोर उभी राहिली. जी बाई कॅमेऱ्यापुढे यायला तयार झाली नव्हती, ती मेलेल्या मैत्रिणीसाठी बोलू लागली. फंगल्यानचा तोच खरखरीत सूर, दगडाला दिलेल्या त्याच शिव्या, मध्येच ते खदाखदा हसणं. मी डोळे मिटले तर शेजारी घण पडत होता. लानफन यंत्राजवळ पाठ करून उभी होती. तिने आईला एकदाही थांबवलं नाही.

फांग साहेब कधी आत आले ते कळलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, ही कोण?

"दोराला लोंबकळायची ती," लानफन म्हणाली. "माझी आई."

साहेबांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो इंजिनिअर घातला नाहीस ते बरं केलंस."

सिनेमा आमच्या आवाजात लागला. शहरांतल्या लोकांना आमची बोली कळावी म्हणून खाली अक्षरं टाकली होती. बीजिंगमध्ये त्याला मोठा मान मिळाला. त्यानंतर लानफनने पुष्कळ सिनेमे केले. मिठागरांवरच्या लोकांचा केला, रेल्वेच्या बोगद्यांतल्या कामगारांचा केला, आणि प्रत्येकात माणसं आपापल्या मुलखाची बोली बोलतात. आता ती त्याच कॉलेजात शिकवते. हेल काढून बोलणारी पोरं तिथे मान वर करून बोलतात, असं ऐकलंय.

आमच्या जिल्ह्याच्या सभागृहात तो सिनेमा लागला त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. आम्हा बायकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. संपल्यावर अधिकाऱ्यांनी शिउयुनला मंचावर नेलं आणि पाटाबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. आयुष्यात तिने लेकीचं कौतुक केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"पाट आम्ही सगळ्यांनी खोदला," ती म्हणाली. "ही पोर मात्र माझी एकटीची."

एवढं बोलून ती खाली उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. लानफन मागे भिंतीशी उभी होती, तिथून ती थेट आईजवळ आली आणि सगळ्या सभागृहादेखत तिच्या पायाशी जमिनीवर बसली. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, हात दुखेपर्यंत.