टोबायस क्रेकची हजेरी

ऑक्टोबर. पिवळ्याचा तांबूस आणि तांबसाचा तपकिरी होण्याचे दिवस. मार्ल नदीच्या दोन्ही तीरांवर बीचवृक्षांची सुवर्णपर्णी रांग, तिच्यामागे वालुकाश्माची मधुवर्णी घरं, घरांच्या धुराड्यांतून निघणारा निळसर, मंद, आळसावलेला धूर. आणि या सर्वांवर इंग्लंडचं ते कृपण, कोवळं, तिरपं ऊन. ऊन कसलं, उन्हाची नुसती आठवण. तेवढ्यावरही मार्लफर्ड झळाळतं.

आपल्याच तोऱ्यात असणारं गाव आहे ते. शेजारच्या शहरांकडे किल्ले आहेत, उत्तुंग कळसांची प्रार्थनामंदिरं आहेत. मार्लफर्डकडे भुतं आहेत. माणसं नऊ हजार, भुतं एकतीस. गिरणीच्या जिन्यावरची करड्या वस्त्रांची करुणनयना बाई. घंटाघरातला हसरा पाद्री. जुन्या सरायीच्या अंगणातला बिनडोक्याचा घोडा, जो बिनडोक्याचा असूनही वाट चुकत नाही. हे सांगताना इथल्या माणसांची छाती अशी फुगते की वाटावं, घोडा त्यांच्या घरच्या तबेल्यातला आहे.

आणि भुतं आहेत म्हणून त्यांची हजेरीही आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीनच्या ठोक्याला, बाजारसभागृहात सारं गाव जमतं. वही उघडते, एकेक नाव पुकारलं जातं, आणि त्या भुताच्या गल्लीत राहणारा, त्याची गोष्ट तोंडी जपणारा माणूस उभा राहून म्हणतो, "हजर." सांगणारा नवा असेल, तर त्याने आधी भरल्या सभेत गोष्ट सांगायची. तीनदा पुकारूनही उत्तर आलं नाही, तर त्या नावावर काट बसते आणि ते भूत पुन्हा कुणी सांगत नाही. मरणानंतरचं हे दुसरं मरण. त्यातून कोणी परत येत नाही.

त्या वर्षी हे दुसरं मरण टोबायस क्रेकच्या दाराशी आलं होतं.

टोबायस पंप गल्लीचा. अडीचशे वर्षांपूर्वीचा पहारेकरी. हातात कंदील, कमरेला घंटा, नजर नदीवर. एका पावसाळी रात्री त्याचा डोळा लागला. मार्ल चढली, काठ ओलांडून आली, आणि घंटा वाजलीच नाही. अकरा माणसं गेली. उरलेल्यांनी त्याचे बूट काढून घेतले आणि त्याला अनवाणी गावाबाहेर हाकललं. परत यायला निघालेला तो थंडीने गारठून पंप गल्लीच्या तोंडाशी मेला, आणि तेव्हापासून चालतो आहे. ओल्या, उघड्या, अथक पावलांनी. पावलं ऐकू येतात, माणूस दिसत नाही.

ही गोष्ट सेहेचाळीस वर्षं वॉल्टर पिम सांगत आला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, घड्याळं दुरुस्त करणारा, वाळक्या फांदीएवढा बारीक माणूस. पण आवाज असा गंभीर, घनगर्भ, खर्जातला, की त्याने 'अकरा' म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या मानेवर काटा यावा. वसंतात त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. बायको नाही, लेकरू नाही. जगात त्याच्या मालकीचं असं एकच होतं, आणि ते एक भूत होतं.

सप्टेंबरात तो शेजारच्या शिवणदुकानात आला आणि त्याने आपली छोटी वही शालन तिरोडकरपुढे धरली. वहीत लिहिलं होतं, "माझ्यामागे टोबायसला कोणी नाही. तुम्ही उभ्या राहाल?"

शालनबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. वेंगुर्ल्याकडच्या, समुद्राच्या वाऱ्यात वाढलेल्या. नवऱ्याच्या मागोमाग इथे आल्या. सदानंद इथल्या पीठगिरणीत कामाला होता. तो गेल्यावर गावाकडच्यांनी परत बोलावलं, पण बाई हलल्या नाहीत. मार्लफर्डच्या विजारी आखूड करत, पडदे लांब करत, पंप गल्लीत राहिल्या. बावीस वर्षं शेजार होता, तरी वॉल्टर त्यांना मिसेस तिरोडकर म्हणे आणि त्या त्याला मिस्टर पिम.

"माझं इंग्रजी ऐकून भूतच पळून जाईल, मिस्टर पिम," बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

वॉल्टरने लिहिलं, "अनवाणी कुठवर पळणार?"

"अनवाणी का? मी देते ना दरवर्षी वहाणा."

वॉल्टरची पेन्सिल थांबली. त्याला वहाणा ठाऊक होत्या. त्याने त्या बावीस वर्षं खिडकीतून पाहिल्या होत्या.

झालं होतं ते असं. सदानंद इस्पितळात वारला त्या दिवशी, जानेवारीत, दुपारी चारलाच अंधारून आलेलं, बर्फ भुरभुरत होतं, आणि शालन पुलाजवळ बसमधून एकटी उतरली. हातात नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी. धवल, निःशब्द, निर्मनुष्य रस्ता. आणि मागे पावलं. ती थांबली की थांबणारी, ती चालली की चालणारी. दाराशी पोचून तिने मागे वळून पाहिलं. माणूस नव्हता. बर्फात उघड्या पावलांचे ओले ठसे होते, दहाही बोटं स्पष्ट.

मार्लफर्डची लेक असती तर किंचाळली असती. शालन वेशीवरच्या राखणदाराच्या मुलखातली. तिथे रात्रीबेरात्री मागून पावलं आली तर म्हातारी माणसं सांगतात, भिऊ नको, तो सोबतीला आहे, घरी पोचवूनच माघारी फिरेल. तिने पदर सावरला आणि त्या रिकाम्या शुभ्र रस्त्याला हात जोडले. "आता जावा म्हाराजा," ती म्हणाली. "मी पोचलंय." मग दार लावून घेऊन ती त्या दिवसातलं पहिलं रडली.

राखणदार गावाभोवती फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वाहायच्या, ही तिच्या गावची रीत. हा तर बिचारा अनवाणीच. तेव्हापासून दर ऑक्टोबरात गावाकडून कातडी वहाणांचा एक जोड यायचा. मोठा, भक्कम, तेल पाजलेला. दिवेलागणीला ती तो गल्लीतल्या पाण्याच्या पंपाच्या पायरीवर ठेवायची. "गोड मानून घेवा म्हाराजा. माप अंदाजान घेतलंय." सकाळी पायरी रिकामी असायची, आणि दिवसभर तिच्या शिवणयंत्राचा आवाज खुशीत असायचा.

वहाणा कोण नेतं, हे वॉल्टरला माहीत होतं. पहाटे प्रार्थनेला जाताना मिस एडिथ हारग्रेव्ह नेत असत. एवढं नवंकोरं चामडं टाकून देणारं हे कोण उधळं माणूस, असं पुटपुटत त्या जोड उचलायच्या आणि चर्चच्या दानपेटीत टाकायच्या. बावीस वर्षांत बावीस जोड. मार्लफर्डातले निम्मे माळी कोकणी वहाणा घालून गुलाब छाटत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. वॉल्टरचा आवाज शाबूत होता तेव्हाही त्याने याविषयी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. कुणाला कोणता देव पावतो, यात शेजाऱ्याने पडू नये, एवढं त्याला कळत होतं.

आणि हजेरीची वही असायची ती याच मिस हारग्रेव्ह यांच्या हातात. ताठ कण्याच्या, रजतकेशी, सत्तरी ओलांडलेल्या बाई. महापुरात गेलेल्या अकरांत त्यांच्या घराण्यातल्या दोन बहिणी होत्या. ॲलिस आठ वर्षांची, नेल पाच वर्षांची. त्यांच्या थडग्यावरचं शेवाळ हारग्रेव्ह घराण्याने अडीचशे वर्षं दर महिन्याला खरवडलं होतं. टोबायसचं नाव पुकारताना मिस हारग्रेव्ह यांचा आवाज थंड व्हायचा, आणि गावाला तो थंड आवाज आवडायचा.

तो रविवार उजाडला. दुपारी तीनचं ऊन सभागृहाच्या उंच, रंगीत काचांतून उतरलं. जांभळं, केशरी, पाचूहिरवं होऊन फरशीवर पसरलं. बाकं भरली. शालनबाई नऊवारी नेसून आल्या होत्या, वर लोकरी कोट, आणि बाजूला वॉल्टर, गुडघ्यावर वही. आज हे नाव गेलं, तर त्याची सेहेचाळीस वर्षं त्याच्यासोबत जाणार होती.

बाई उठल्या. गाव घाबरायला बसलं होतं. सुखाने, सवयीने, अंगावर काटा उभा करून घ्यायला. पण शालन तिरोडकरला भीती सांगताच येईना. तिने पूर सांगितला, घंटा सांगितली, आणि मग तिचं इंग्रजी तिच्या गावच्या वाटेने चालू लागलं.

"ते झोपले, हे खरं. अकरा जीव गेले, हेही खरं. मी ते पुसत नाही," ती म्हणाली. "पण एक रात्र झोपलेला माणूस अडीचशे वर्षं जागा आहे. माझा नवरा वारला त्या दिवशी ह्या गावात मला घरापर्यंत त्यांनीच पोचवलं. आमच्याकडे अशा माणसाला भूत म्हणत नाहीत. राखणदार म्हणतात. मी दरवर्षी त्यांच्यासाठी पायरीवर वहाणा ठेवते. सकाळी त्या नसतात. ते नेतात."

दुसऱ्या रांगेतल्या पाद्रीबुवांनी पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले. जाड मोज्यांवर त्यांनी तेल पाजलेल्या, भक्कम, कातडी वहाणा घातल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या माळ्याने खाली पाहिलं, मग छताकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी एक शब्द बोललं नाही. मार्लफर्डविषयी मला फार अभिमान वाटतो तो या क्षणासाठी.

मंचावर मिस हारग्रेव्ह यांचा हात वहीवर निश्चल झाला होता. बावीस पहाटा, बावीस जोड. ज्याच्या झोपेने आपल्या घरच्या दोन पोरी नेल्या, त्याच्या पायांसाठी आलेलं दान आपण आपल्या हातांनी उचलत आलो, हे त्यांना आत्ता, सगळ्यांसमोर, एकदम कळलं. चेहऱ्यावर मात्र रेघ हलली नाही. त्यांनी वही जवळ ओढली आणि लिहिलं होतं तसं वाचलं.

"टोबायस क्रेक, झोपलेला पहारेकरी."

शालन गोष्ट संपवून बसलेली होती. ती उठली नाही. बाईंना समजलं नसावं, असं लोकांना वाटलं. समजलं होतं.

"टोबायस क्रेक, झोपलेला पहारेकरी."

वॉल्टरने घाईने लिहिलं, "उठा." शालनने वाचलं आणि त्याच्या कानाशी वाकली. "ह्या नावाला मी त्यांच्या वतीने ओ देणार नाही, मिस्टर पिम. तुमचं वर्षानुवर्षांचं जातंय, मला कळतंय. मला माफ करा. पण ते गावात राहतील तर उजळ माथ्याने राहतील, नाहीतर नाही."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. सेहेचाळीस वर्षं ज्याला घेऊन त्याने गावाला भिववलं, त्याची बाजू त्याने एकदाही घेतली नव्हती. लाज वाटली त्याला. आणि लाजेच्या मागोमाग, फार उशिरा आलेला, फार मोठा अभिमान. त्याने पेन्सिल खिशात ठेवली, वही मिटली, आणि शालनसारखाच स्वस्थ बसून राहिला.

आता एकदाच पुकारायचं उरलं होतं. काचांमधलं जांभळं ऊन बाकांवरून सरकत मंचाच्या कडेला आलं होतं. मिस हारग्रेव्ह यांनी टाक उचलला. एवढ्या एका टाकाच्या फराट्याने ॲलिसचा आणि नेलचा हिशेब चुकता झाला असता, आणि घराण्यातल्या कुणीही त्यांना बोल लावला नसता. त्यांनी चष्मा काढला. खाली, पहिल्या रांगेत, परक्या मुलखातून आलेली एक बाई त्यांच्या गावच्या मेलेल्या माणसाची अब्रू धरून ताठ बसली होती. त्या दोघींची नजरानजर झाली, आणि मिस हारग्रेव्ह वहीत न पाहता, स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"टोबायस क्रेक. मार्लफर्डचा पहारेकरी."

शालन तिरोडकर उठली. नऊवारीचा काठ सारखा केला, मान वर केली.

"हजर."

तिच्याबरोबर वॉल्टर पिम उठला, काठीवर दोन्ही हात टेकून, जन्मात नव्हता एवढा उंच. मग पंप गल्लीची बाकं उठली. मग पुलाकडची, मग चर्चकडची, वहाणांसकट पाद्रीबुवा उठले, माळी उठला. जिथे केवळ सांगणाऱ्याने उभं राहायचं, तिथे नदीकाठचं ते सारं अभिमानी, हट्टी, जुनं गाव उभं राहिलं.

मिस हारग्रेव्ह यांनी चष्मा चढवला. जुन्या दोन शब्दांवर एक रेघ मारली, नवे दोन शब्द सावकाश, सुवाच्य, काळ्याभोर अक्षरांत लिहिले. शाई वाळेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही; आणि शाई वाळेपर्यंत कुणी खाली बसलं नाही.